पॅनेल भिंतीवर आलं आणि वर्ग गप्प झाला

शाळा सुरू होऊन महिना उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये दप्तराचं ओझं, रिक्षावाले काका, डब्यात काय द्यायचं. जुलैत मात्र वर्गाच्या आतल्या गोष्टी यायला लागतात. या वेळच्या गठ्ठ्यात अर्ध्याहून जास्त पत्रं पडद्यांबद्दल होती, मोबाइलच्या, प्रोजेक्टरच्या, भिंतीवर नव्याने बसलेल्या पॅनेलच्या. म्हणून हा अंक त्यांचाच. मी पहिली ते चौथीला शिकवण्यात नोकरी घालवली, परळपासून मानखुर्दपर्यंत. आता बोलावतील त्या शाळेत जाते आणि मागच्या बाकावर बसून वर्ग बघते. उत्तरं त्या बाकावरून सुचली तशी आहेत.

आमच्या तिसरीच्या वर्गात यंदा देणगीतून मोठं टच पॅनेल बसलं. रोज प्रत्येक पाठाचा व्हिडिओ लावते. मुलं अगदी शांत बसतात, मुख्याध्यापिकाही खूश आहेत. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणालाच काही सांगता येत नाही. कुठे कमी पडतेय?
— एक शिक्षिका, कुर्ला

बाई, तुमच्या पत्रातलं ‘अगदी शांत बसतात’ हे मला पहिल्यांदा खटकलं. आठ वर्षांची चाळीस-पंचेचाळीस मुलं अर्धा तास हूं की चूं करत नाहीत, म्हणजे त्यांना करायला काही ठेवलेलंच नाही. तयार व्हिडिओत प्रश्न तोच विचारतो, उत्तरही तोच देतो आणि शेवटी टाळ्याही तोच वाजवतो. मुलं बिचारी प्रेक्षक.

उद्यापासून एवढंच करून बघा. व्हिडिओ तीन मिनिटांच्या वर नको, आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा आवाज बंद. समजा फुलपाखराचं जीवनचक्र आहे. लावण्याआधी एकच गोष्ट सांगा: ‘अळी कोशात जाण्याआधी काय काय करते, तेवढं बघा.’ कोश हलायला लागला की थांबवा. ‘आता काय होईल?’ प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची किंवा चित्र काढायचं, शेजाऱ्याचं न बघता. मग पुढचा भाग लावा. ज्याचं बरोबर आलं तो ओरडेल, ज्याचं चुकलं तो दुप्पट ओरडेल. ओरडू द्या. नंतर तोच तुकडा पुन्हा, अजूनही आवाज बंदच, आणि एका गटाने क्रिकेटसारखं धावतं समालोचन करायचं. ‘आता अळी पान खातेय, खातेय, थांबली!’ दुसऱ्या दिवशी विचारायची वेळच येणार नाही, मुलंच मधल्या सुट्टीत एकमेकांना ते करून दाखवत असतील.

दुसरं म्हणजे, प्रत्येक पाठाला पॅनेल कशाला? ‘ळ’ कसा वळतो हे दाखवायला खडू पॅनेलपेक्षा सरस आहे, कारण मुलाला तुमचा हात वळताना दिसतो. पाढ्यांनाही पॅनेल नको. फळा जे कधीच दाखवू शकत नाही, तिथे ते काढा. वरून दिसणारं मुंबईचं रूप हे त्यातलं माझं सर्वात आवडतं.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं असतं, तेव्हा तुमच्या मुलांच्या हातात मुंबईचंच पुस्तक असणार. त्यातला नकाशा कळायला तीन दिवस द्या.

पहिल्या दिवशी पॅनेल बंद. कोऱ्या कागदावर घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायचा. कुर्ल्याजवळच्याच एका शाळेत हा तास बघितला होता. एका पोराने वडापावची गाडी शाळेपेक्षा मोठी काढली होती आणि स्टेशन काढलंच नव्हतं, कारण तो त्या बाजूला कधी जातच नाही. बाईंनी काही दुरुस्त केलं नाही. फार शहाणपणाचं केलं.

दुसऱ्या दिवशी पॅनेलवर उपग्रहाचं चित्र. शाळा कुठे आहे ते सांगायचं नाही. ‘शोधा’ म्हणायचं. एकाने पुढे येऊन बोटाने चित्र सरकवायचं, बाकीच्यांनी जागेवरून सांगायचं. सुरुवातीला नुसता गलका होतो: ‘वर, वर! अरे एवढं नको! पुलाच्या अलीकडे!’ त्या वर्गात आधी रेल्वेचे रूळ सापडले, मग मशिदीचा घुमट, मग एका मुलीने छपरावरची निळी ताडपत्री बघून ‘ती आमची चाळ’ म्हणून उडीच मारली. या गोंधळातच तुम्ही हळूच नियम घालायचा, की आता ‘वर’ म्हणायचं नाही, ‘उत्तरेला’ म्हणायचं. फळ्यावर चार दिशा काढून पाठ करून घेण्यापेक्षा हे कैक पटींनी पक्कं बसतं, कारण चुकीची दिशा सांगितली तर पडद्यावर भलतीच गल्ली येते आणि अख्खा वर्ग हसतो.

तुम्ही कुर्ल्यात आहात म्हणून पुढची पायरी सांगते. त्याच चित्रात मिठी दाखवा. मुलं तिला नाला म्हणतात, मोठी माणसंही म्हणतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून ती निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत जाते. हा सगळा प्रवास बोटाने करायला लावा. वाटेत विमानतळ येतो, तुमचं कुर्ला येतं, वांद्रे-कुर्ला संकुल म्हणजे बीकेसी येतं. शाळेत संगणक असेल तर गूगल अर्थमध्ये जुनी चित्रंही बघता येतात, वर्षांची पट्टी मागे सरकवली की त्याच जागेचं आधीचं रूप दिसतं. नदीकाठी इमारती कशा येत गेल्या ते मुलांना भिंगातून शोधल्यासारखं शोधू द्या. घरी जाताना एकच प्रश्न द्यायचा: २६ जुलै २००५ ला तुम्ही कुठे होतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारून या. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. हा आकडा मुलांना आज सांगू नका. उद्या सांगा.

तिसऱ्या दिवशी पॅनेल पुन्हा बंद. मुलं घरून ऐकून आलेलं सांगतील. कोणाचे आजोबा ऑफिसातच रात्रभर अडकले, कोणाची आई तेव्हा शाळेत होती, कोणाच्या घरात कपाटापर्यंत पाणी. तुम्ही फळ्यावर लिहीत जा. मग तो आकडा सांगा आणि वर्गाच्या भिंतीवर पट्टीने ९४ सेंटिमीटर मोजून खूण करा. मुलं आपापली उंची त्या खुणेशी लावून बघतील.

आता मुख्याध्यापिकांचं. ‘पॅनेल वापराची नोंद’ रोज लिहावी लागते, असं तुम्ही पत्रात पुढे म्हटलंय. नोंदीत बिनधास्त लिहा: ‘आज पॅनेल बंद. कालच्या नकाशावर लेखन व चर्चा.’ त्यांनी विचारलं तर त्यांना सांगा की युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जगभराचा अहवाल काढला, आणि त्यातसुद्धा या साधनांच्या उपयोगाचे निःपक्ष, ठोस पुरावे फार थोडे असल्याचं स्पष्ट म्हटलंय. पुरावा पॅनेल किती तास चालू होतं यात नसतो, मुलांच्या वहीत असतो. त्या वह्याच टेबलावर ठेवा.

माझ्याकडे पॅनेल नाही, प्रोजेक्टर नाही. दुसरीत ५२ मुलं, माझा स्वतःचा एक मोबाइल, आणि रेंज जिन्यात उभं राहिलं तरच. प्रशिक्षणात सांगतात ‘तंत्रज्ञान वापरा’. कशाने वापरू?
— एक शिक्षक, गोवंडी

सर, रेंज न लागणारं आणि तुमच्या फोनमध्ये आधीपासून असलेलं एक साधन आहे, त्याचं नाव कुठल्याच प्रशिक्षणात कोणी घेत नाही. आवाज रेकॉर्ड करायचं साधं अ‍ॅप.

दुसरीतल्या मुलाने वाचलेलं तुम्ही ऐकता, पण ते मूल स्वतः कधी ऐकत नाही. रोज पाच मुलं घ्या. आधी शिकवून झालेल्या पाठातला एक परिच्छेद त्याने वाचायचा, तुम्ही रेकॉर्ड करायचं आणि लगेच फोन त्याच्या कानाशी धरायचा. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘हा मी नाहीये.’ मग हसणं. मग मात्र ते नीट ऐकतं. एक मुलगी ‘शेतकरी’ हा शब्द शे-शे-शेत-करी असा वाचत होती. बाईंनी दहादा सांगून झालं होतं. स्वतःचं ऐकल्यावर तीच म्हणाली, ‘मी मध्येच का थांबतेय? पुन्हा वाचू?’ हे ‘पुन्हा वाचू?’ मुलाच्या तोंडून आलं पाहिजे.

लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ च्या जुलैत सुरू झालं, त्यात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द वाचता यावेत, असं लक्ष्य आहे. लक्ष्यात ‘समजून’ हा शब्दही आहे, तो बऱ्याच तक्त्यांतून गळतो. मुलासमोर घड्याळ लावून बसू नका, ते घाबरून धावत सुटतं. रेकॉर्डिंग संध्याकाळी हार्बरच्या गाडीत कानात लावून ऐका, शब्द मोजायचे ते तिथे मोजा. दुसऱ्या दिवशी त्याला परिच्छेदावर एक-दोन प्रश्न विचारा. दिवाळीच्या सुट्टीआधी जुनं आणि नवं रेकॉर्डिंग मुलाला पाठोपाठ ऐकवा, आई-बाबा भेटायला आले तर त्यांनाही ऐकवा, आणि मग पुसून टाका.

तुम्ही म्हणाल, तोवर बाकीची ४७ मुलं काय करतील? खरा प्रश्न हाच आहे. जोड्या लावा, एक पुस्तक दोघांत, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ओळीवर बोट धरायचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत गोष्टींची चित्रमय पुस्तकं मोफत आहेत, पातळीनुसार लावलेली. ती उतरवून घेता येतात, छापताही येतात. घरी किंवा जिथे रेंज असेल तिथे उतरवा, मुख्याध्यापकांकडून छपाईचे पैसे मागा. सरकारी दीक्षा अ‍ॅपमधलंही बरंचसं आधी उतरवून ठेवलं की वर्गात नेट लागत नाही.

रेकॉर्डरचा आणखी एक तास सांगते, तो मला फार आवडतो. सकाळी शाळेत येताना रस्त्यावरच्या हाळ्या रेकॉर्ड करा: भाजीवाला, भंगारवाला, चाकू-सुरीला धार लावणारा. वर्गात ऐकवा आणि मुलांना ऐकलं तसं लिहायला सांगा. धारवाल्याची हाळी शब्दांत लिहिणं फार अवघड आहे, मोठ्यांनाही. मुलं मान खाली घालून, जीभ बाहेर काढून लिहीत बसतात. याला श्रुतलेखन म्हणायचं की दंगा, ते तुम्ही ठरवा.

जागेचं म्हणाल तर रेकॉर्डिंगला जिन्याचं वळण उत्तम, वर्गातल्या पंख्याची घरघर त्यात येत नाही. आणि शाळेच्या कामाला शिक्षकाच्या खिशातला डेटा जातो, हा विषय पुढच्या शिक्षण परिषदेत काढाच. तुम्ही एकटे नाही.

मी ५४ वर्षांची आहे. प्रोजेक्टर लावायचा म्हटलं की घाम फुटतो. चित्र आलं तर आवाज येत नाही. तरुण सहकारी ‘मॅडम, द्या इकडे’ म्हणून हातातून ओढून घेतात आणि मुलं बघत असतात.
— दादर

‘द्या इकडे’ म्हणणाऱ्याला एकदा प्रेमाने सांगा: ‘मी करते, तू हात पाठीमागे बांधून उभा राहा आणि तोंडाने सांग.’ ज्याचे हात चालतात तो शिकतो, त्यात मुलं आणि शिक्षक असा फरक नाही.

आवाजाचं कोडं सोपं आहे. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही प्रोजेक्टरकडे जातो. प्रोजेक्टरला स्पीकर नसतो किंवा असला तरी मच्छरासारखा वाजतो. लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर जाऊन आवाज कुठून यावा ते बदलायचं, पुन्हा लॅपटॉप किंवा जोडलेला स्पीकर निवडायचा. चित्र येत नसेल तर बहुतेक वेळा रिमोटवरचं ‘सोर्स’ दाबून ज्या खाचेत केबल खोचली तीच निवडायची राहिलेली असते. एवढ्या दोन गोष्टी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून प्रोजेक्टरच्या पेटीला बांधून ठेवा. चौथीतल्या दोघांना ‘केबलमंत्री’ करा. हे खातं मिळवायला वर्गात किती चढाओढ लागते ते बघाच.

शिकायला सुरुवात कुठून करू, असंही तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडपासून करा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते पुस्तकांना असे कोड जोडण्याच्या कामासाठी गाजले. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे मला कोडपेक्षाही जास्त आवडलं. आज बालभारतीच्या पुस्तकातला तो काळा चौकोन बऱ्याच शिक्षकांनी एकदाही स्कॅन केलेला नसतो. आठवड्याला एका पाठाचा कोड घरी, चहा पिताना उघडून बघा. आत जे निघेल ते कधी छान असतं, कधी कंटाळवाणं. कंटाळवाणं असेल तर सरळ सोडून द्या. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग तिथेच तर आहे: कुठलं चौथ्या मिनिटाला मुलांना जांभई देणार, ते तुम्हाला त्या तरुण सहकाऱ्याच्या आधी कळेल.

नातू पहिलीत आहे. शाळा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. घरात फोन एकच, तो मुलाबरोबर कामावर जातो. मुलगा रात्री साडेदहाला येतो तेव्हा नातू झोपलेला असतो. मग सकाळी सगळ्यांची धावपळ आणि नातवाला बोलणी.
— एक आजी, दहिसर

आजी, यात तुमचं काहीच चुकत नाही, त्यामुळे उत्तर तुम्हाला नाही, शिक्षकांना देते.

पहिली-दुसरीचा अभ्यास फोनवर पाठवू नका. वर्गात मुलाकडून वहीत चार शब्द लिहून घ्या, नाहीतर चिठ्ठी चिकटवा. करोनाच्या काळात, सगळं शिक्षणच पडद्यावर असताना, केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला फार तर दोन तासिका, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या, असं म्हटलं होतं. ती मर्यादा शाळा बंद असतानाची होती. आता शाळा उघड्या आहेत, मूल समोर बसलेलं आहे, तर त्याच्या हातात कागद द्यायला काय हरकत आहे? गटावर टाकायचंच असेल तर सूचना टाका: उद्या सुट्टी, परवा सहल, छत्री पाठवा.

आजी, तुम्ही हा अंक वर्गशिक्षिकेला नेऊन दिलात तरी चालेल.

चौथीला अपूर्णांक शिकवताना कुठलं अ‍ॅप वापरू?
— मुलुंड

आधी कागदाची पट्टी. प्रत्येक मुलाने घडी घालायची, उलगडायची, रंगवायची. दोन-तीन दिवस हेच. त्यानंतर फेट (PhET). अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प आहे. वायमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं. यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, मोफत आहेत, काही मराठीतही आहेत आणि उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. अपूर्णांकांच्या खेळात मूल तुकडे ओढून भांड्यात टाकतं आणि पडद्यावरचा आकडा बदलतो. तुम्ही आकडा झाकून ठेवा, कागदाचा चिटोरा पडद्यावर लावला तरी पुरे, आणि आधी मुलांना आकडा सांगायला लावा. नाहीतर ती नुसते तुकडे ओढत बसतात, मजा येते आणि गणित होत नाही.

एआयला सांगितलं की दोन मिनिटांत मराठी कार्यपत्रिका तयार होते. वेळ खूप वाचतो. वापरावी का?
— एक शिक्षिका, ठाकुर्लीहून रोज सायनला येणारी

वापरा, पण छापण्याआधी पेन्सिल घेऊन स्वतः सोडवा. मी एकदा रफाराचे शब्द मागितले, तर ‘सूर्य’, ‘पर्वत’ यांच्या रांगेत ‘प्रकाश’ आणि ‘चक्र’ही येऊन बसले. दुसरीतलं मूल जे वेगळं करायला शिकतंय तेच यंत्राने एकत्र केलं. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत ‘सॅली’ आणि ‘जॉन’ नसले तरी सफरचंदं मात्र असतात. तुमच्या सायनच्या पोरांना सफरचंदाचा भाव विचारून काय उपयोग, त्यांना बसचं तिकीट आणि कोथिंबिरीची जुडी द्या.

आणि एक बारीक गोष्ट, जी मागच्या बाकावरून नेहमी दिसते. छापलेला ‘ल’ आणि ‘श’ बघा. पुष्कळ फाँटांत हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ येतो आणि मूल बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ‘ल’ बघत असतं. पहिलीतल्या मुलाला ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. काही फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आकार आपोआप बदलतो, काहींत नाही. नाही बदलला तर फाँट बदला. पहिलीपुरतं तरी हातानेच लिहून झेरॉक्स काढा ना. तुमचं अक्षर सुंदर आहे, पत्रावरून दिसलं.

वर्गातले फोटो मी स्टेटसला ठेवते. एका पालकांनी हरकत घेतली. मुलांचं कौतुकच तर करतेय!
— विक्रोळी

पालकांचं बरोबर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती हा त्याचा पाया आहे. कायदा राहू द्या बाजूला. जो मुलगा कौतुकाच्या फोटोत कधीच नसतो, त्याची आई तुमचं स्टेटस रोज बघते. मुलांच्या हातांचा फोटो काढा, वहीचा काढा, त्यांनी केलेल्या मातीच्या बैलाचा काढा. चेहरे वर्गातच राहू द्या.

तंत्रज्ञान म्हणजे आमच्यासाठी माहिती भरणं. चार पोर्टलं, चार पासवर्ड, आणि सर्व्हर चालतो तो नेमका शिकवायच्या वेळी. शिकवण्यात तंत्रज्ञान आणायला डोकं शिल्लक राहतं कुठे?
— नोकरीला लागून तिसरं वर्ष, भांडुप

खरंय. याला माझ्याकडे जालीम उपाय नाही, आणि असल्याचा आव आणत नाही. दोन युक्त्या मात्र सांगते. पहिली: मुलांची मूळ माहिती, म्हणजे नाव, जन्मतारीख, आधारवरचं स्पेलिंग, पालकांचा नंबर, जूनमध्येच एका तक्त्यात एकदा नीट तपासून ठेवायची. प्रत्येक पोर्टल तेच तेच विचारतं, मग तिथून नक्कल करून चिकटवायचं. तो तक्ता पासवर्ड लावून ठेवा, गटावर टाकू नका. दुसरी: शाळेत चौघांनी मिळून आठवड्याचा एक दिवस वाटून घ्यायचा, शाळा सुटल्यावर. एक जण सगळ्यांचं भरतो, बाकीचे त्या दिवशी सुटतात. मुख्याध्यापकांच्या कानावर घालूनच करा. आणि वर्ग चालू असताना ‘आत्ताच्या आत्ता भरा’ असा निरोप आला, तर तासिका संपल्यावर भरते असं उत्तर लिहून पाठवायला शिका. लिहूनच पाठवा. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवणाऱ्यांना एक विनंती: इयत्ता, वर्गाचा पट आणि वर्गात चालू अवस्थेतले प्लग किती, ते जरूर लिहा. त्यावर उत्तर बदलतं.